हल्लेखोर मल्टीतच राहतो

ताई, नमस्कार.

मी इंदूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात पीएच.डी. करते, दुसरं वर्ष आहे. आम्ही निपानियाकडे ज्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, राहतो तिथे गेटवर वॉचमनच्या टॅबमध्ये एक ॲप आहे. पाहुणा आला की त्याचं नाव, मोबाइल नंबर, फोटो त्यात जातो आणि आपल्या फोनवर 'आत सोडू का' असं विचारलं जातं. त्या ॲपमध्ये मला मोठी चूक सापडली. प्रत्येक भेटीला एक क्रमांक असतो. तो बदलला की दुसऱ्याच्या घरी कोण आलं तेही दिसतं. मी एका रात्रीत १४० नोंदी काढून पाहिल्या, त्यातल्या कितीतरी दुसऱ्याच शहरांतल्या होत्या.

त्यावर पेपर लिहून एका मोठ्या सिक्युरिटी परिषदेला पाठवला. तिन्ही परीक्षकांनी नाकारला, दोन दिवस मी जेवले नाही. पहिला म्हणतो, यात नवीन काय? दुसरा म्हणतो, थ्रेट मॉडेल कळत नाही. तिसऱ्याने नैतिकतेवर दोन परिच्छेद ऐकवलेत. गाइडसर म्हणतात, 'सोड त्या अमेरिकावाल्यांना, आपल्याला एका आंतरराष्ट्रीय परिषदेचं आमंत्रण आलंय. १२,००० रुपये फी, पंधरा दिवसांत स्वीकृतिपत्र, स्कोपसमध्ये, म्हणजे शोधनिबंधांच्या त्या सूचीत, आहे.' मित्र म्हणतो, हाच पेपर एकदम दोन ठिकाणी टाक, कुठेतरी लागेलच. आई म्हणते, आता स्थळं बघू या. मी काय करू? पेपर, त्याचा मराठी सारांश, तिन्ही रिव्ह्यू आणि त्या परिषदेचं माहितीपत्रक सोबत जोडलं आहे.

— र., इंदूर

प्रिय र.,

आईच्या मुद्द्यावर मी काही बोलणार नाही, बाकीच्यांचं बघू.

तुझा पेपर मी दोनदा वाचला. पहिल्यांदा रात्री, अशा परिषदांचे पेपर तपासायची जी जुनी सवय आहे तिने, म्हणजे भराभर आणि थोडं वैतागून. दुसऱ्यांदा सकाळी, चहा घेत. तेव्हा सहाव्या पानावर थांबले. तिथे खाली बारीक अक्षरात एक तळटीप आहे: 'सोसायटीच्या सेक्रेटरीच्या लॉगइनमधून गेल्या सहा महिन्यांतल्या सर्व घरांच्या भेटी एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. ही कंपनीने दिलेली सोय आहे, चूक नव्हे, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.'

अगं, तुझा पेपर त्या तळटीपेत आहे. वरची तेरा पानं तू दुसऱ्याच गोष्टीवर घालवलीस.

आधी पहिल्या परीक्षकाचं ऐकू. क्रमांक बदलला की दुसऱ्याची नोंद दिसते, या चुकीला आमच्या धंद्यात 'आयडॉर' म्हणतात आणि ती वेबइतकीच जुनी आहे. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०२१ साली वेब ॲप्समधल्या दहा मोठ्या धोक्यांची जी यादी काढली, तिच्यात पहिलाच क्रमांक या जातीच्या चुकांचा आहे: दार आहे, कुलूप आहे, पण किल्ली कोणाच्या हातात आहे हे कोणी बघत नाही. म्हणजे तुझ्या परीक्षकाला ही चूक माहीत होती, फक्त तुझं ॲप माहीत नव्हतं. एका ॲपमधली एक ओळखीची चूक ही त्या कंपनीसाठी तातडीची बातमी असते. पेपरसाठी ती फार तर एक उदाहरण. पेपर वाचून झाल्यावर निपानियात न राहणाऱ्या माणसाच्या हाती काय लागतं, एवढंच त्याने विचारलंय. त्यात खवचटपणा नाही. असलाच तर पेपर जास्त आणि वेळ कमी याचा थकवा आहे. हे लोक फुकट तपासतात आणि एकेकाच्या गठ्ठ्यात पंधरा-वीस पेपर सहज असतात. पहिल्या पानावर उत्तर मिळालं नाही तर तेराव्यापर्यंत ते मायेने वाचत जातील, अशी आशा धरू नये.

आता दुसरा, माझ्या मते तिघांतला सगळ्यात हुशार. 'थ्रेट मॉडेल कळत नाही' म्हणजे काय, तर तुझा हल्लेखोर कोण, त्याच्या हातात आधीपासून काय आहे आणि त्याला हवंय काय, हे तू कुठेही सांगितलेलं नाहीस. 'एखादा दुष्ट व्यक्ती' एवढंच लिहिलंयस. (दुष्ट व्यक्ती ही 'एखादी' असते, तेही दुरुस्त कर. पेपर इंग्रजीत आहे, पण तू मला मराठीत सारांश पाठवलास तर मी बोलणारच.)

मल्टीच्या गेटवर उभी राहून पाहा. दूर कुठेतरी बसून क्रमांक बदलणारा एक अनोळखी माणूस आहे, त्याला तुमच्याकडे शनिवारी कोण जेवायला आलं याच्याशी काही देणंघेणं नाही. दुसरा वॉचमन. त्याच्या हातात टॅब आहे, पण दर दोन-तीन महिन्यांनी एजन्सी माणूस बदलते आणि पासवर्ड मात्र तोच राहतो, बहुतेक टॅबच्या मागे कागदावर चिकटवलेला. तिसरा घरातलाच: एका फ्लॅटच्या खात्यावर चार फोन जोडलेले असतात आणि दुपारी सुनेला भेटायला कोण आलं हे सासऱ्यांच्या फोनवर वाजतं. चौथा तुझा सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या दोन मुलींकडे रात्री अकराला कोण आलं, किती वाजता गेलं, महिन्यातून किती वेळा, हे सगळं त्याच्यापुढे एक्सेलच्या रकान्यात मांडून ठेवलेलं. त्याला क्रमांक बदलायचीसुद्धा गरज नाही. घर रिकामं करायला सांगताना तो ती यादी खिशातून काढतो, असं तुला कोणी सांगितलं तर आश्चर्य वाटेल का?

तुझा हल्लेखोर हुडी घालून अंधारात बसलेला नाही. तो मल्टीतच राहतो, आणि कंपनीने त्याला रीतसर लॉगइन दिलंय. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. २०१८ साली 'ओकलंड'ला एक अभ्यास आला होता, जोडीदारावर पाळत ठेवायला लोक कोणती ॲप्स वापरतात यावर. (आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची ही सिक्युरिटी परिषद १९८० पासून भरते. कॅलिफोर्नियातलं ओकलंड केव्हाच सुटलं, पण नाव राहिलं. गाव सुटून पिढ्या लोटल्या तरी आपली 'कर' आडनावं इंदुरात राहिली, तसंच.) त्यांना आढळलं की पाळतीसाठी वापरता येणारी बहुतेक ॲप्स उघडउघड हेरगिरीची नव्हतीच. मुलांवर लक्ष ठेवायला, हरवलेला फोन शोधायला अशा चांगल्या कारणाने विकली जाणारी ती साधी ॲप्स होती. तू जिला 'सोय' म्हणून तळटीपेत ढकललंस, तशीच सोय.

तेव्हा काम उलट्या बाजूने सुरू कर. अशी गेट-ॲप्स बाजारात बरीच आहेत, त्यातली आठ-दहा घे. प्रत्येकात चार भूमिका: रहिवासी, भाडेकरू, वॉचमन, सेक्रेटरी. कोणाला काय दिसतं, किती दिवस मागचं दिसतं, काय उतरवून घेता येतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपली नोंद कोणी पाहिली हे पाहणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळतं का? पाहुण्याचा फोटो कधी पुसला जातो? त्याला तर कोणी काही विचारलेलंही नसतं, तो बिचारा दार उघडेल म्हणून कॅमेऱ्याकडे बघतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि या ॲप्सची प्रायव्हसी पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून वाच, एक पूर्ण प्रकरण निघेल. तुझा आयडॉर त्यात एका परिच्छेदात बसेल. वाईट वाटेल, पण बसेल.

भाडेकरूंशी आणि वॉचमनांशी बोललीस तर पेपर आणखी वजनदार होईल. मात्र माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर आधी नैतिकता समितीची लेखी परवानगी हवी, आणि वॉचमनची मुलाखत सेक्रेटरीच्या ऑफिसात घ्यायची नाही.

आता तिसरा परीक्षक. इथे मी तुझी बाजू घेणार नाही. १४० नोंदी!

दोन पुरल्या असत्या. एक तुझी, एक तुझ्या मैत्रिणीची, तिला आधी विचारून. एकीच्या खात्यातून दुसरीची नोंद दिसली की चूक सिद्ध झाली. उरलेल्या १३८ मध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत, फोटो आहेत, आणि ते आता तुझ्या लॅपटॉपवर पडलेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममधून डेटा काढण्याबद्दल आहे. तेच बेइमानीने केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझा हेतू तसा नव्हता हे मला कळतं, पण 'संशोधक होतो' म्हणणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. म्हणून आजपासून ॲपला हात लावू नकोस. काय केलंस, कधी केलंस, किती नोंदी दिसल्या, हे तारखांसकट एका कागदावर लिही, गाइडसरांना दाखव आणि त्यांची सही घे. मग कंपनीला कळव, कॉलेजच्या ई-मेलवरून, सरांना सीसीत ठेवून, धमकी नाही, पैशाची मागणी नाही. उत्तर आलं नाही तर सर्ट-इनकडे जा. केंद्र सरकारची ती संस्था अशा तक्रारी घेते. कंपनीला सुधारायला वेळ द्यायचा, साधारण ९० दिवसांचा रिवाज आहे. ते सगळं कळवून झालं की लोकांच्या नोंदी पुसून टाक, आणि पुसल्याचंही त्या कागदावर लिही.

हेच सगळं पेपरच्या नैतिकता विभागात जसंच्या तसं जाईल. '१४० काढल्या, तेवढ्या काढायला नको होत्या, मग असं केलं.' लपवू नकोस. २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या लोकांना न सांगता मुद्दाम सदोष पॅचेस, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवून बघितले होते. पेपर ओकलंडला स्वीकारलाही गेला होता. मग २०२१ मध्ये बोभाटा झाला, लिनक्सवाल्यांनी अख्ख्या विद्यापीठाला दार बंद केलं आणि लेखकांना तो पेपर मागे घ्यावा लागला. तेव्हापासून परीक्षक हा विभाग आधी वाचतात. उलट उदाहरण हवं असेल तर २०२० च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेतला यूपीआयवरचा पेपर बघ. मिशिगनच्या गटाने भीम आणि इतर ॲप्स उलगडून पाहिली, बँकांच्या सर्व्हरमध्ये न शिरता. विषय अस्सल भारतीय, आणि तो जगातल्या पहिल्या चारातल्या परिषदेत लागला. 'अमेरिकावाले' आपले विषय घेत नाहीत, हे सरांना सांगताना उपयोगी पडेल.

सरांचंच आता. १२,००० रुपयांचं ते आमंत्रण. नावाजलेली कुठलीही सिक्युरिटी परिषद पेपर तपासायला एक रुपया घेत नाही. पैसे लागतात ते स्वीकारल्यावर, नोंदणीला, आणि तेव्हा ते जड असतात, शेकडो डॉलर. त्यासाठी विद्यार्थ्यांना मदत मिळते, अर्ज करावा लागतो. जिथे फी आधी आणि तपासणी पंधरा दिवसांत, तिथे तपासणी होतच नाही. तू पाठवलेल्या त्या माहितीपत्रकात सायबर सिक्युरिटी, सिव्हिल, नर्सिंग आणि योग एकाच हॉटेलात दोन दिवसांत उरकणार आहेत. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये अर्थहीन पेपर आपोआप लिहून देणारा प्रोग्राम केला होता, 'सायजेन' नावाचा. त्यातला एक पेपर एका परिषदेने घेतलासुद्धा. तुमच्या या हॉटेलात तो कदाचित प्रमुख पाहुणा झाला असता.

पण सरांना असं बोलू नकोस. त्यांच्याही डोक्यावर पदोन्नतीचे गुण, विभागाचा अहवाल, वरून येणारे तक्ते आहेत. माहिती म्हणून सांगते, थिसिस सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश मात्र वेगळं म्हणत असू शकतो, तो आधी वाच. आणि सरांना 'नको' म्हणण्याऐवजी 'आधी इकडे पाठवू या' म्हण, हातात तारखांचा कागद घेऊन. 'इकडे' म्हणजे कुठे? सूप्स ही परिषद माणसं सुरक्षेची साधनं कशी वापरतात यावरच आहे, २००५ पासून. पेट्स खासगीपणावर आहे. तिथे वर्षातून चार वेळा पेपर घेतात आणि दुरुस्त करून आण असंही म्हणतात, दर वेळी सपशेल नाही म्हणत नाहीत. तुझ्या कामाला मला ती सगळ्यात जवळची वाटते. देशातच हवी असेल तर आयसीआयएसएस ही सिक्युरिटी परिषद, तीही २००५ पासून. इंडोक्रिप्ट नावाला भुलू नकोस, ती क्रिप्टोग्राफीवाल्यांची, म्हणजे गुप्तलेखनाचं गणित करणाऱ्यांची, आहे. युझनिक्स सिक्युरिटी, सीसीएस, एनडीएसएस, ओकलंड या पहिल्या चौघींकडे जायचंच असेल तर आठ-दहा ॲप्सचं काम पूर्ण झाल्यावर, आणि शंभरातले ऐंशीहून जास्त पेपर नाकारले जातात हे समजून.

मित्राच्या सल्ल्याचं एका वाक्यात: एकच पेपर एका वेळी दोन ठिकाणी पाठवायला बंदी आहे, परीक्षक तेच तेच असतात, आणि पकडलं की दोन्हीकडून जातो.

नाकारलेल्या माणसाला राल्फ मर्कलची गोष्ट सांगायची पद्धत आहे. १९७४ मध्ये बर्कलीत विद्यार्थी असताना त्याने सार्वजनिक किल्लीच्या क्रिप्टोग्राफीची, म्हणजे आधी गुपित ठरवून न ठेवता गुप्त निरोप पाठवायची, कल्पना मांडली. मास्तरांना ती पटली नाही, त्याने कोर्सच सोडला. पुढच्या वर्षी पेपर पाठवला, तो नाकारला गेला, अखेर १९७८ मध्ये छापला. गोष्ट खरी आहे, पण तुझ्या कामाची नाही. त्याचा पेपर काळाच्या पुढे होता, तुझा अर्धा झालेला आहे. हां, एक गोष्ट घेण्यासारखी: त्याच्या लेखात संदर्भच नाहीत, ही संपादकांची एक तक्रार होती. तुझ्यात नऊ आहेत. पाळतीवर आणि घरातल्या उपकरणांवर गेल्या दहा वर्षांत झालेलं काम वाच आणि त्यात आपण कुठे बसतो ते लिही. संदर्भ चॅटबॉटकडून घेणार असशील तर एकेक पेपर उघडून तपास. नसलेले पेपर तो छातीठोकपणे देतो.

आता किरकोळ, पण यातच पेपर पडतात. पानांची मर्यादा म्हणजे मर्यादा. फार वर्षांपूर्वी मी चौदा पानांचा मजकूर तेरात बसवायला लाटेक्समध्ये, म्हणजे पेपर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओळींमधलं अंतर चोरलं होतं. न वाचताच परत आला, दुसऱ्याच दिवशी. चार महिन्यांचं काम, आणि गेलं कशाने, तर ओळींमधल्या फटीने! तेव्हा मीही जेवले नव्हते, त्यामुळे तुझे ते दोन दिवस मला समजतात.

वेळेचं गणित असं. शेवटची वेळ 'एओई' लिहिलेली असते, म्हणजे पृथ्वीवर जिथे तारीख सगळ्यात उशिरा बदलते तिथली. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेसतरा तास मागे आहे. त्यांचे रात्रीचे ११:५९ म्हणजे इंदुरात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. हे कळलं की मुलं ५:१० ला अपलोडला बसतात आणि नेमकी ५:१५ ला वीज जाते. तू सकाळीच एक प्रत चढवून ठेव. हॉटसीआरपी या पेपर जमा करायच्या वेबसाइटवर शेवटच्या क्षणापर्यंत नवी प्रत जुनीच्या जागी टाकता येते.

आणि नाव लपव. परीक्षकाला तू कोण हे कळता कामा नये, अशी पद्धत आहे. पहिल्या पानावरून नाव काढलंस, छान. पण पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये तुझ्या कॉलेजचं नाव आहे, आभारात सरांचं, आणि 'आमच्या आधीच्या कामात' म्हणून स्वतःचाच संदर्भ दिलायस. तो 'अमुक लेखकांच्या कामात' असा परक्यासारखा दे.

तिसरी आकृतीही बदल. गेटवरच्या टॅबचा फोटो चांगला आलाय, पण मागे मल्टीच्या पाटीवरचं नाव सरळ वाचता येतं. शेजारच्या टेबलावर वॉचमनचं जुनं रजिस्टर उघडं आहे आणि मोठं करून पाहिलं तर त्यात ४०२ नंबरच्या फ्लॅटला त्या दिवशी कोण येऊन गेलं तेही.